हाक मारायला शिकवू या

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याला हवे त्याने तोंड उघडावे, असा या म्हणीचा अर्थ. पण काही घरांत उलटे असते. पोर रडायच्या आधीच आई दूध घेऊन हजर! पोराला चालता येत नाही, किंवा बोलता येत नाही, किंवा समजायला वेळ लागतो. म्हणून आई डोळ्यांत तेल घालून बसते. पोराला तहान लागली हे त्याच्या आधी तिला कळते.

यात वाईट काय? लहानपणी काहीच नाही. पण पोर मोठे होते. पंधरा, सोळा, अठरा वर्षांचे होते. त्याला मिसरूड फुटते. ते घराबाहेर पडू लागते. आणि एक दिवस ते अशा ठिकाणी उभे असते, की तिथे आई नसते. वाट चुकलेली असते. खिशातले पैसे कोणी काढून घेतलेले असतात. अशा वेळी कोणाला तरी हाक मारायची असते. पण हाक मारणे हे काम त्याने जन्मात केलेले नसते.

अशा मुलामुलींना मदत मागायला कसे शिकवायचे, ते आपण या पाठात पाहू.

गावात आणि मालाडात

उदाहरणे आपण मालाडची घेऊ. मालाड हे मुंबईचे उपनगर. पश्चिम रेल्वेवर गोरेगाव आणि कांदिवली यांच्या मधले स्टेशन. एके काळी इथे गावेच होती. कुरार, मालवणी, मढ, मार्वे ही नावे अजून आहेत. मार्व्याच्या धक्क्यावरून मनोरीला अजूनही फेरीबोट जाते. पण आता कोकणातून, घाटावरून, परप्रांतातून आलेल्या माणसांनी सगळे भरून गेले आहे. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, कोणाची लेक तिकडे असेल. सुट्टीत तुम्हीही जात असाल.

गावात एखादे पोर वाट चुकले, तर काय होते? कोणीतरी म्हणते, “अरे, हा तर अमक्याचा मुलगा!” आणि त्याला हाताला धरून घरी आणून सोडते. पोराला काही बोलावे लागत नाही. सारा गाव त्याला ओळखतो. मालाड स्टेशनच्या पुलावर मात्र त्याला कोणी ओळखत नाही. संध्याकाळी तिथे माणसांचा पूर वाहतो. त्या पुरात एक मुलगा कठड्याला धरून उभा आहे, हे हजारजण पाहतात आणि पुढे जातात. ती माणसे वाईट नाहीत, बरं का. त्याला काही हवे आहे, हे त्यांना कळत नाही. त्याने सांगितलेले नसते.

एक शब्द आधी समजून घ्या. पूर्वी आपण आंधळा, पांगळा, मुका, वेडा असे म्हणत होतो. मग अपंग म्हणू लागलो. आता सरकारी कागदांवर दिव्यांग हा शब्द असतो. २०१६ साली झालेल्या कायद्यात एकवीस प्रकार सांगितले आहेत. न दिसणे, न ऐकू येणे, पाय अधू असणे, बुद्धीची वाढ मंद असणे, स्वमग्न असणे असे ते प्रकार. त्यांतल्या काहीजणांना बाहेरून पाहून काहीच ओळखू येत नाही. मुलगा चांगला धडधाकट दिसतो. मग लोक म्हणतात, “एवढा घोडा झाला, त्याला कसली मदत?”

होयबा कसे तयार होतात

मदत न मागण्याची सवय आपणच लावतो. एक कारण वर सांगितले. सगळे आधीच हातात मिळते. दुसरे कारण त्याहून वाईट. अशा मुलांना आपण एकच गुण शिकवतो. तो म्हणजे सांगितलेले ऐकणे. गप बस म्हटले की गप बसायचे. ये म्हटले की यायचे. असे करणारे पोर शहाणे, गुणी! दुसरी मुले उलट उत्तर देतात, भांडतात, नको म्हणतात. त्यातून ती जगाशी झगडायला शिकतात. दिव्यांग पोराला आपण ती संधी देत नाही.

मग ते एक युक्ती शिकते. समजले नाही तरी मान हलवायची. “कळलं का रे?” “हो.” “जमेल का?” “हो.” हो म्हटले की कोणी रागवत नाही, कोणी हसत नाही. हे ‘हो’ म्हणजे खरे होकार नव्हेत. ती त्याने स्वतःसाठी शोधलेली ढाल आहे. पण वाईट माणूस त्याला काही विचारतो, तेव्हाही त्याच्या तोंडून ‘हो’च निघते.

अशा मुलाला हेरणारे लोक असतात. आधी वडापाव खाऊ घालतात. दोस्त म्हणतात. या मुलाला दोस्त कोण असतो? कोणी नसतो. त्याला केवढा आनंद होतो! मग एक दिवस म्हणतात, “ही पिशवी तेवढी पलीकडे पोचव.” पिशवीत काय आहे, ते त्याला ठाऊक नसते. किंवा म्हणतात, “तुझ्या नावावर एक सिमकार्ड काढू या.” किंवा बँकेचे खाते उघडायला लावतात आणि कार्ड आपल्याकडे ठेवतात. पुढे पोलीस येतात ते या मुलाच्या दारात. मुलींच्या बाबतीत काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. मुलांच्या बाबतीतही ते होते. पण आपण त्याबद्दल बोलत नाही.

पनवेलजवळ कळंबोली इथे मतिमंद मुलींचे एक खासगी बालगृह होते. तिथे मुलींवर अत्याचार होत होते. काही मुलींना बोलता-ऐकता येत नव्हते. कोणाला सांगणार, आणि कसे सांगणार? २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेली समिती तिथे गेली. तेव्हा ते उघडकीला आले. २०१३ साली न्यायालयात गुन्हा शाबित झाला. त्या मुलींना जे सहन करावे लागले, त्याचे कारण ते गुन्हेगार हेच. तरीही मुलीजवळ सांगायचे एखादे साधन हवे, हे आपल्या हातात आहे.

आदळआपट म्हणजे काय

आता एक उपयोगाची गोष्ट सांगतो. काही मुले फार आदळआपट करतात. वस्तू फेकतात, चावतात, स्वतःचे डोके भिंतीवर आपटतात. आपण म्हणतो, हट्टी आहे, अंगात आले आहे. कोणी देवऋषाकडे नेतो. कोणी चार रट्टे देतो.

अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन अभ्यासकांनी अशा चार मुलांचा नीट अभ्यास केला. तो १९८५ साली छापून आला. मुले केव्हा आदळआपट करतात, हे त्यांनी पाहिले. काहीजण काम अवघड दिले की करत. काहीजण आपल्याकडे कोणी लक्ष दिले नाही की करत. म्हणजे ती आदळआपट हे एक मागणेच होते! शब्द नव्हते म्हणून ते हातापायांनी मागणे चालले होते.

मग त्यांनी मुलांना वाक्ये शिकवली. ज्याला काम अवघड जात होते, त्याला शिकवले, “मला समजत नाही.” तो असे म्हणाला की शिक्षक लगेच मदत करीत. ज्याला लक्ष हवे होते त्याला शिकवले, “माझे काम बरोबर चालले आहे का?” तो असे विचारायचा आणि शिक्षक शाबासकी द्यायचे. आदळआपट खूपच कमी झाली. आणखी एक मजा पाहा. एकाचे वाक्य दुसऱ्याला शिकवले तर उपयोग होत नव्हता. ज्याला जे हवे, त्याचेच शब्द त्याला द्यावे लागत होते.

तेव्हा मारू नका. पुढच्या वेळी आदळआपट सुरू झाली की आठवा, त्याच्या आधी काय झाले होते? कोणते काम दिले होते? आवाज फार होता का? पोट दुखत होते का? आठ दिवस असे पाहिले तर आईला बरेच कळेल. त्या जागी कोणता शब्द द्यायचा, तेही कळेल.

झाकण घट्ट लावा

शिकवायची सुरुवात घरातच करायची. त्याला खर्च नाही.

पोराला आवडतो तो खाऊ बरणीत ठेवा. समजा, चिवडा आहे. झाकण घट्ट लावा. बरणी त्याच्या हातात द्या. आणि गप्प राहा. हेच आईला सर्वांत जड जाते. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तो झाकण ओढेल. बरणी आपटेल. मग तुमच्याकडे पाहील. त्या पाहण्याची वाट पाहायची. त्याने पाहिले की त्याला शब्द द्या, “उघडून दे.” बोलता येत नसेल तर हाताची खूण द्या. मूठ फिरवून दाखवा. खूणही जमत नसेल तर एका पुठ्ठ्यावर उघड्या हाताचे चित्र काढा. ते त्याने उचलून तुमच्या हातात द्यायचे. हे झाले की क्षणाचाही उशीर करू नका. लगेच झाकण उघडा. मागितले आणि मिळाले, हे दोन्ही त्याच्या मनात एकत्र बसले पाहिजे.

दिवसातून पाच-सहा वेळा अशी संधी काढा. ताटात भाकरी वाढा, कालवण वाढायला विसरल्यासारखे करा. नळ घट्ट बंद करून ठेवा. सदऱ्याचे वरचे बटण तसेच सोडा. घरातल्या सगळ्यांनी असेच वागायला हवे. आजी मात्र मधेच येऊन बरणी उघडून देते! तिला पोराची दया येते. तिला आधी विश्वासात घ्या. तिलाच शिकवायचे काम दिले तर उत्तम.

हे जमले की दुसरे वाक्य घ्या. “मला कळलं नाही. परत सांगा.” हे वाक्य फार मोलाचे आहे. तो ते म्हणाला की हसू नका. “किती वेळा सांगायचं रे?” असे तर मुळीच म्हणू नका. एकदा तसे म्हटले, की पोर पुन्हा मान हलवू लागते. त्याची परीक्षा घ्यायची असेल तर ‘कळलं का’ असे विचारूच नका. “मी काय सांगितलं ते सांग बघू,” असे विचारा.

घरात जमले म्हणून बाहेर जमेल असे नाही. ही मुले एका ठिकाणचे शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप नेत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणी पुन्हा शिकवावे लागते. आधी शेजारच्या मावशी. त्यांना सांगून ठेवा, “आमचा पोरगा दार वाजवील. त्यानं मागितलं तरच द्या.” मग कोपऱ्यावरचा वाणी. मग ओळख नसलेला दुकानदार. मग बस. सर्वांत शेवटी स्टेशन.

स्टेशनवरचा पाठ

स्टेशनवर शिकवायला दुपारी जा. सकाळी नऊ वाजता मालाडला शहाण्या माणसाची गाळण उडते. दुपारी दोन-तीनला थोडी शांतता असते. तिकिटाची खिडकी दाखवा. स्टेशन मास्तरांची खोली दाखवा. खाकी कपड्यांतले पोलीस दाखवा. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा लहान डबा असतो. तो कुठे येतो ते दाखवा. गर्दीच्या वेळी धडधाकट माणसेही त्यात घुसून बसतात, हा भाग निराळा.

पहिल्या दिवशी नुसते पाहायचे. दुसऱ्या दिवशी एक प्रश्न विचारायचा. “काका, ही गाडी मालाडला थांबते का?” हा प्रश्न साधा वाटतो. पण त्यावर बरेच अवलंबून आहे. विरारच्या जलद गाड्या सहसा मालाडला थांबत नाहीत. अंधेरीला असा मुलगा चुकून त्या गाडीत चढला तर मालाड त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जाते. त्याचा जीव घाबरा होतो. अशा वेळी तो धावत्या गाडीतून उडी मारील, किंवा पुढे उतरून रूळ ओलांडील. खरी भीती त्याचीच. ज्याला ऐकू येत नाही त्याची आणखी एक अडचण. गाडीचा फलाट बदलला की कर्ण्यावर सांगतात. सगळे पळतात. हा मात्र तिथेच उभा राहतो.

म्हणून हे आधीच करून दाखवायचे. मुद्दाम बोरिवलीला जा. त्याला सांगा, “आपलं स्टेशन मागे राहिलं. आता काय करायचं?” गाडी पूर्ण थांबेपर्यंत बसायचे. उतरायचे. फलाट सोडायचा नाही. बाकावर बसायचे किंवा भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. दोन श्वास घ्यायचे. मग पोलीस, नाहीतर तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस, यांना विचारायचे किंवा कार्ड दाखवायचे.

तुम्ही दहा-पंधरा हात मागे राहा. तो अडखळला की धावून जाऊ नका. थांबा. फारच झाले तर जवळ जा आणि नुसते खिशाकडे बोट दाखवा. पुढच्या खेपेला तेही करू नका. एका दिवसात हे होत नाही. कोणाला महिना लागतो, कोणाला वर्ष.

आता त्या कार्डाबद्दल. एका जाड कागदावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा. “मला नीट बोलता येत नाही. मला मदत हवी आहे. कृपया या नंबरवर फोन करा.” खाली घरातल्या दोघांचे फोन नंबर. एकच नंबर नको. तो लागला नाही तर? वर प्लास्टिक चढवून घ्या. पैसे नकोत, असेही एक वाक्य लिहा. नाहीतर लोक कार्ड न वाचताच हातावर नाणे ठेवतात आणि निघून जातात. तरण्या मुलाला ते फार लागते.

हे कार्ड गळ्यात, छातीवर लटकवू नका. खिशात ठेवा. छातीवर नाव दिसले की कोणीही त्याला नावाने हाक मारतो. ज्याला आपले नाव ठाऊक तो आपला, असे या पोराला वाटते. मुलीच्या कार्डावर घरचा पत्ताही लिहू नका. फोन नंबर पुरेसा आहे.

कोणाला विचारायचे

इथे एक आई मला विचारील, “आजवर आम्ही सांगत आलो, अनोळखी माणसाशी बोलू नको. आता तुम्ही म्हणता, बोल. पोरानं काय समजायचं?”

तिचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे. आपण ज्याच्याकडे जातो तो माणूस, आणि जो आपण होऊन आपल्याकडे येतो तो माणूस, हे दोघे पोराला वेगळे करून दाखवायचे. पहिला आपण निवडलेला असतो. तो आपल्या कामावर असतो. खिडकीवर, गल्ल्यावर, गणवेशात. त्याला सोडून जाता येत नाही. कोणी गणवेशातले दिसले नाही, तर लेकरे घेऊन चाललेली एखादी मावशी पाहावी. दुसरा माणूस मात्र आपल्याला हेरून येतो. तो गोड बोलतो, “चल, मी तुला घरी सोडतो.” त्याच्याबरोबर जायचे नाही. “इथंच थांबतो. घरी फोन करा,” असे म्हणायचे. चांगला माणूस असेल तर फोन करील.

आणि पहिल्याने ऐकले नाही तर? ‘चल हट’ म्हटले तर? मोठी माणसेही तिथे खचतात. म्हणून घरी खेळ खेळा. बाबा म्हणतील, “मला वेळ नाही.” मग पोराने ताईकडे जायचे. ताई म्हणेल, “मला माहीत नाही.” मग मामाकडे. तिसऱ्याने मदत करायची. असा खेळ बरेच दिवस खेळला की पहिल्या नकाराला पोर रडत नाही.

आणखी एक वाक्य पाठ करून घ्या. “आधी घरी विचारतो.” पिशवी पोचव म्हटले, आधी घरी विचारतो. सही कर, अंगठा दे म्हटले, आधी घरी विचारतो. चल सिनेमाला म्हटले, तरी तेच. हे वाक्य म्हणजेही मदत मागणेच आहे. दोस्त रागावतील, असे त्याला वाटेल. खरा दोस्त असेल तो घरी येईल, चहा पिईल, असे त्याला सांगा. आणि घरी विचारायला आल्यावर त्याला झिडकारू नका.

अंगाला हात लावला तर

हे लिहायला संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे. मुलामुलींना शरीराच्या सर्व अवयवांची नावे ठाऊक हवीत. नाव किंवा खूण ठाऊक नसेल, तर तिथे कोणी हात लावला हे सांगणार कसे? बोलता येत नसेल तर माणसाचे साधे चित्र काढून ठेवा. तिने बोट ठेवून दाखवावे. अंघोळीला, कपडे बदलायला मदत लागणाऱ्या मुलीला सांगून ठेवा, ही मदत कोणी करायची. आई, मोठी बहीण, बस. मुलालाही तसेच. नको असेल तर ‘नको’ म्हणायची परवानगी घरातही हवी. मावशीने पापा मागितला आणि पोराने तोंड फिरवले, तर ओढू नका.

पोराने काही सांगितले तर आधी विश्वास ठेवा. त्याची भाषा तुटक असेल. वार, वेळ सांगता येणार नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ साली पोक्सो कायदा झाला. मूल दिव्यांग असेल तर त्याची जबानी घेताना विशेष शिक्षकाची, किंवा त्याची बोली समजणाऱ्या माणसाची मदत घेता येते. अठरा वर्षांवरील दिव्यांग माणसावर अत्याचार झाला, तर पोलिसांनी त्याच्या घरी, किंवा त्याला सोयीच्या जागी येऊन तक्रार लिहून घ्यायची असते. सोबत खुणांची भाषा जाणणारा किंवा विशेष शिक्षक हवा. हे तुमचे हक्क आहेत. ते ठाण्यावर मागून घ्या.

मदत करणाऱ्यांसाठी थोडेसे

मालाडच्या पुलावर उद्या तुम्हीही असाल. कोणी कार्ड पुढे केले तर वाचा. कोणी तुटक बोलले तर ऐका. मधेच वाक्य पुरे करू नका. आंधळ्या माणसाचा दंड धरून त्याला ओढू नका. आपले कोपर पुढे करा, तो धरील. चाकाच्या खुर्चीला न विचारता हात घालू नका. आणि सोबत कोणी असेल तर, “याला काय हवंय?” असे त्या सोबत्याला विचारू नका. त्यालाच विचारा.

तरण्या पोरांना मदत मागायची लाज वाटते. सोळा वर्षांच्या मुलाला पोरांच्या देखत ‘आई, बूट घाल’ म्हणवत नाही. तो पडेल पण म्हणणार नाही. त्याला त्याच्या वयाचे शब्द द्या. “दादा, जरा हात द्या.” मित्राला म्हणायचे, “अरे, एवढं धर की!” अशी हाक सगळेच मारतात. भार उचलताना हमाल मारतो, होडी ओढताना कोळी मारतो. कोणी त्याला भीक म्हणत नाही.

फोन नंबर

चुकलेल्या, अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेने ती सुरू केली होती. आता ती सरकार चालवते. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. हा नंबर पाठ करायला सोपा आहे. दहा, नऊ, आठ. आकडे उलटे मोजले की झाला! अठरा वर्षांवरील माणसांसाठी ११२, आणि रेल्वेत असाल तर १३९.

नंबर लावायचा सराव खऱ्या फोनवर करू नका. सरावासाठी लावलेल्या फोनमुळे तिकडे खऱ्या अडचणीतले पोर ताटकळत राहील. घरात बंद पडलेला जुना मोबाइल असतो. तो पोराच्या हातात द्या. तुम्ही पलीकडच्या खोलीत बसा आणि फोन उचलल्यासारखे करा. “हॅलो, कोण बोलतंय? तू कुठे आहेस? आजूबाजूला काय दिसतंय?” हा शेवटचा प्रश्न रोज विचारा. पत्ता सांगता आला नाही तरी पोर सांगू शकेल, “देऊळ आहे. बस उभी आहे. लाल पाटी आहे.” बोलता येत नसेल तर फोनवर ठरलेली टकटक करायला शिकवा. तीन वेळा टकटक म्हणजे, मी आहे, ये. घरच्यांना ती खूण ठाऊक हवी.

पोर एकदा मागायला शिकले की सुरुवातीला ऊठसूट मागते. शेजारच्या मावशी तक्रार करतील, “दिवसातून चार वेळा दार वाजवतो.” महिनाभर वाजवू द्या. मग त्याला पुढचे शिकवा. आधी एकदा आपण करून पाहायचे, नाही जमले की दार वाजवायचे.